इनकमिंग बंद

मागच्या रविवारी सकाळी आईचा सांगलीहून फोन आला. "अरे, कालपासून तुझे बाबा लागत नाहीयेत."

आधी खुलासा करतो, नाहीतर दचकाल. बाबा २०१९ साली गेले. त्यांचा आवाज मात्र आहे. दोन जुने मोबाइल आणि एक छोटा रेकॉर्डर धुंडाळून मी जवळपास अकरा तासांचं बोलणं गोळा केलं होतं. गावाकडच्या गोष्टी, रेडिओ कसा उघडायचा त्याचे धडे, नातीशी भांडण, मध्येच कुकरची शिट्टी. हे सगळं आमच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये, टीव्हीच्या मागे ठेवलेल्या पुस्तकाएवढ्या पेटीत असतं. आई तिकडे संध्याकाळी देवापाशी दिवा लावते, टॅबलेटवरचं एक चिन्ह दाबते आणि अर्धा तास ऐकत बसते. याला ती "बाबा लावणं" म्हणते.

तर ते लागत नव्हते. कारण शनिवारी मी घरचं इंटरनेट बदललं होतं.

नवं कनेक्शन फायबरचं. स्पीड जुन्याच्या तिप्पट, पैसे कमी, वर दोन-तीन ओटीटी फुकट. बसवायला आलेल्या पोरानं स्पीड टेस्ट करून दाखवली, काटा सर्रकन वर गेला, मीही खूश. घरातून बाहेर सगळं मस्त चालत होतं. फक्त बाहेरून आत कुणालाच येता येत नव्हतं. मी दोन तास स्वतःच्याच चुका शोधत बसलो. फायरवॉल तपासली, पोर्ट पुन्हा उघडले, पेटी दोनदा बंद-चालू केली. शेवटी राउटरच्या पानावर जाऊन बाहेरचा पत्ता बघितला. सुरुवातच १०० नं, आणि त्यापुढे ७०च्या घरातला आकडा. कपाळावर हात मारला.

हा पत्ता खरा नसतो. एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे साधारण ४२ लाख पत्ते एका खास कामासाठी बाजूला काढले गेले. काम असं की कंपनीनं आपल्या गिऱ्हाइकांना आतल्या आत हे पत्ते वाटायचे आणि बाहेरच्या जगाला मात्र कित्येक घरांचा मिळून एकच पत्ता दाखवायचा. या व्यवस्थेला सीजी-नॅट म्हणतात.

आपल्या घरातला राउटरही एरवी हेच करतो. घरात दहा उपकरणं असतात, बाहेर पत्ता एक. राउटर म्हणजे दारावरचा वॉचमन. आतून कोण बाहेर गेलं ते तो वहीत लिहून ठेवतो आणि त्याचं उत्तर आलं की बरोबर त्या खोलीत पोचवतो. न बोलावता कुणी आलं तर बाहेरच थांबवतो. पण हा वॉचमन माझा आहे. मी त्याला सांगू शकतो, "बाबा रे, ४४३ नंबर विचारत कुणी आलं तर टीव्हीमागच्या पेटीकडे पाठव." सीजी-नॅटमध्ये या वॉचमनच्या पुढे, पार रस्त्यावर, आणखी एक वॉचमन उभा असतो. तो माझा पगारी नाही. तो माझं ऐकत नाही. त्याच्या वहीत माझं घरच "राहणार अमुक-तमुक" असं नोंदलेलं नाही.

मी कंपनीला फोन लावला. (नाव सांगत नाही, कारण नाव बदलून बहुतेकांच्या बाबतीत हाच संवाद होईल.)

"सर, नेट चालतंय ना?"
"चालतंय."
"स्पीड बरोबर येतोय ना?"
"येतोय."
"मग प्रॉब्लेम काय आहे सर?"

प्रॉब्लेम काय आहे! मी पब्लिक आयपी हवाय म्हणालो. तो म्हणाला, "सीसीटीव्ही आहे का सर?" नाही. "मग गेमिंगसाठी?" नाही. मग मला नक्की काय करायचंय हे त्याला कळेना आणि दिवंगत वडिलांचा आवाज आईला ऐकवायचाय हे कारण त्याच्या यादीत नव्हतं. शेवटी म्हणाला, "बिझनेस प्लॅन घ्या." माझ्या आईनं माझ्या बाबांचा आवाज माझ्या घरातून ऐकायचा, तर तो बिझनेस!

इथे मला जे म्हणायचंय ते सरळच म्हणतो. आज शहरांतल्या लाखो घरांना "इंटरनेट कनेक्शन" म्हणून जे विकलं जातंय ते अर्धं आहे. त्याचं आउटगोइंग चालू आणि इनकमिंग बंद. आणि हे कुणी सांगतही नाही.

फोनच्या बाबतीत आपण हे चालवून घेतलं असतं का? मोबाइल नवे होते तेव्हा इनकमिंगलाही पैसे पडायचे, तेव्हा मिस्ड कॉलची एक अख्खी भाषाच तयार झाली होती. २००३ साली इनकमिंग फुकट झालं आणि मग कुठे मोबाइल भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत गेला. उद्या कंपनी म्हणाली की तुम्ही कुणालाही फोन करा, पण तुम्हाला कुणी करू शकणार नाही, तर आपण ते सिमकार्ड तोंडावर फेकू. इंटरनेटच्या बाबतीत मात्र आपण वर्षाचे पैसे आगाऊ भरतो आणि वर रेफरलचं कूपन मित्राला पाठवतो.

मुळात "सर्व्हर" नावाची काही वेगळी जात नसते. ज्या मशीनवर बाहेरून येणाऱ्याला उत्तर देणारा प्रोग्रॅम चालू आहे ते सर्व्हर. बस्स. इंटरनेटची रचनाच अशी होती की प्रत्येक टोक दुसऱ्या कुठल्याही टोकाशी बोलू शकेल, मग ते टोक विद्यापीठात असो की कोथरूडच्या दोन खोल्यांत. घेणारे सगळे आपण आणि देणारे फक्त दहा-पंधरा कंपन्या, ही वाटणी निसर्गनियम नाही. ती हळूहळू झाली आणि आपण होऊ दिली.

आणि कधीकाळी आपल्याकडे ते दुसरं टोक होतं हो! २००५ साली बीएसएनएलचं डेटावन आलं तेव्हाची गोष्ट. २५६ केबीपीएसला आपण ब्रॉडबँड म्हणायचो. रात्री २ ते सकाळी ८ वापर मोजला जायचा नाही, म्हणून गजर लावून उठायचं आणि लिनक्सची सीडी उतरवायला लावून पुन्हा झोपायचं. पण त्या रडक्या लाइनीला खरा पत्ता असायचा. बदलता असायचा, पण खरा. २००६ साली मी भंगारातून उभ्या केलेल्या कॅबिनेटवर अपाची चढवला, डायनॅमिक डीएनएसचं फुकट नाव घेतलं आणि रात्री अडीच वाजता बेंगळुरूच्या मित्राला म्हटलं, "उघड." त्याच्या स्क्रीनवर माझ्या घरातलं पान उमटलं. पानावर काय होतं? एक फोटो आणि "चालतंय!" एवढाच शब्द. त्या आनंदात मला उरलेली रात्र झोप लागली नाही. पुढे मी या धंद्यात पडलो त्याला ती रात्र कारण आहे.

आज माझ्या घरातून बाहेर जाणारा वेग तेव्हाच्या हजारपटीच्या घरात आहे. पेटी १२ वॅट खाते, म्हणजे महिन्याला जेमतेम ९ युनिट. सॉफ्टवेअर फुकट आणि तेव्हापेक्षा शंभरपट सोपं. सगळं आलं आणि पत्ता गेला. आज कॉलेजातल्या पोराला रात्री अडीच वाजता मित्राला "उघड" म्हणायचं असेल, तर त्याला आधी क्रेडिट कार्ड लागतं.

आता दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर म्हणाल हा नुसताच आरडाओरडा करतोय.

कंपन्या म्हणतात, पत्ते संपलेत. ही थाप नाही. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४चे, एकूण पत्तेच ४२९ कोटी. जगातली माणसं ८०० कोटींच्या वर, आणि एकेकाकडे तीन-तीन उपकरणं. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून झाले. आशियाच्या वाट्याचा साठा त्याच वर्षी एप्रिलमध्ये शेवटच्या गठ्ठ्यावर आला आणि त्यानंतर रेशनिंग सुरू झालं. २०१९ पासून नव्या कंपनीला त्यातून जास्तीत जास्त ५१२ पत्ते मिळतात. आता गल्लीतल्या केबलवाल्यानं कष्टानं दहा हजार घरं जोडली, तर ५१२ पत्त्यांत तो करणार काय? एका पत्त्यामागे वीस घरं बसवण्यावाचून त्याला इलाज नाही. त्या माणसावर माझा राग नाही.

पण हा प्रश्न उद्भवणार हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि उत्तरही तयार होतं. आयपीव्ही६ची प्रमाणित रूपरेषा डिसेंबर १९९८ मध्ये आली. त्यात एका घराला पत्त्यांचा जो सर्वांत छोटा तुकडा द्यायची रीत आहे, त्यातच १८ वर १८ शून्यं इतके पत्ते बसतात. घरातल्या प्रत्येक चमच्याला दिला तरी संपणार नाही! आणि आपण यात मागासही नाही. २०१६ नंतर मोबाइल नेटवर्कांमुळे भारत आयपीव्ही६च्या वापरात जगातल्या पहिल्या काही देशांत जाऊन बसलाय. म्हणजे रस्ता आहे, डांबर पडलंय, दिवे लागलेत. मग घरापर्यंतचं शेवटचं फाटक बंद का?

तर ते असं. बऱ्याच तारेच्या कनेक्शनांवर, विशेषतः छोट्या कंपन्यांच्या, आयपीव्ही६ चालूच केलेलं नसतं. जिथे असतं तिथे कंपनीनं दिलेला राउटर बाहेरून येणारं सगळं अडवतो आणि ते फाटक उघडायचं बटण ज्या पानावर असतं त्याचा पासवर्ड आपल्याला देत नाहीत. बसवायला आलेल्या पोराला तो माहीत असतो. घरमालकाला नाही. आणि वर पत्त्यांचा तुकडा मधूनमधून बदलतो, म्हणजे पाटी लावावी तर दर आठवड्याला नवी रंगवायची. यातल्या कुठल्याही गोष्टीला पत्त्यांची टंचाई कारणीभूत नाही.

दुसरा मुद्दा सुरक्षेचा. "सर, हे तुमच्या सेफ्टीसाठी आहे." यातही अर्धं खरं आहे. २०१६ साली मिराई नावाच्या किड्यानं कारखान्यातून आलेला पासवर्ड कुणी बदललाच नाही अशा लाखो कॅमेऱ्यांवर, डीव्हीआरवर आणि राउटरवर ताबा मिळवला. त्यांच्या फौजेनं २१ ऑक्टोबरला एका डीएनएस कंपनीवर असा हल्ला केला की अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी ट्विटर आणि नेटफ्लिक्ससुद्धा उघडेनात. म्हणून दार मुळात बंदच असावं हे मला शंभर टक्के मान्य आहे. माझ्या आईच्या राउटरवर मीही काही उघडून ठेवणार नाही. पण दार बंद असणं वेगळं आणि किल्ली कंपनीकडे असणं वेगळं. बिल्डरनं फ्लॅटला लॅच लावून दिला तर आपण थँक यू म्हणतो. किल्ली स्वतःकडे ठेवून "चोरांची भीती आहे हो" म्हणाला तर पोलिसात जातो.

तिसरा मुद्दा माझ्याच मित्रांचा, आणि हा मला सगळ्यांत जास्त झोंबतो. "अरे कशाला एवढा उपद्व्याप? ड्राइव्हवर टाक ना! शंभर-दीडशे रुपयांत काम होतं."

मित्रांनो, टाकलंय. एक प्रत तिथेही आहे, मी वेडा नाही. पण तिथे ती आपली असते असं समजू नका. आपल्या पिढीला हे नव्यानं सांगायला लागू नये. जिओसिटीज ऑक्टोबर २००९ मध्ये बंद झालं. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ला गेलं, कॉलेजभरची स्क्रॅप्स घेऊन. याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये. फोटोंची फुकट आणि अमर्याद जागा देणाऱ्या गूगलनं १ जून २०२१ पासून मीटर लावलं. यातल्या कुणी दगाफटका केला असं मी म्हणत नाही, त्यांनी आगाऊ नोटिसा दिल्या होत्या. मुद्दा एवढाच की घर त्यांचं होतं, आपण भाडेकरू होतो आणि भाडेकरूला नोटीस येते. भाड्यानं राहण्यात गैर काही नाही. पण गावात स्वतःचं घर बांधायची सोयच उरली नाही, तर भाडं ठरवणार कोण?

आणि आता आपल्याकडे वळतो. म्हणजे तुमच्या-माझ्याकडे, हिंजवडी, खराडी आणि पवईच्या काचेच्या इमारतींतल्या लोकांकडे. ऑफिसात आपण व्हेंडर लॉक-इनवर तासभर स्लाइड दाखवतो. एकच दुवा तुटला तर सगळं बंद पडेल म्हणून क्लायंटला घाबरवतो. हजार-हजार सर्व्हर बसल्या जागेवरून हलवतो. आणि घरी? घरच्या राउटरचा पासवर्ड विचारला तर राउटर उलटा करून स्टिकर वाचतो. कनेक्शन घेताना आपण स्पीड विचारतो, ओटीटी विचारतो, केबल कुठल्या भिंतीवरून येणार ते विचारतो. पत्ता मिळणार का, हे शेकडा किती जण विचारत असतील? मीही नव्हतं विचारलं! वीस वर्षं या धंद्यात घालवून शनिवारी त्या पोराच्या स्पीड टेस्टला भुललो. तेव्हा हा राग बराचसा स्वतःवरचाच आहे.

आपल्याला भांडता येत नाही असं नाही. २०१५ साली नेट न्यूट्रॅलिटीच्या वेळी ट्रायकडे दहा लाखांवर ईमेल गेले होते, त्यात माझा एक आणि कदाचित तुमचाही असेल. ८ फेब्रुवारी २०१६ला ट्रायनं वेगवेगळ्या साइट्सना वेगवेगळे दर लावायला बंदी घातली. आपण जिंकलो. पण तेव्हा आपण काय मागितलं होतं? आपल्याला कुठल्याही दुकानात जाता यावं. आपलं स्वतःचं दुकान, वाचनालय, नाहीतर नुसता ओटा असावा आणि तिथे कुणी यावं, हे मागायचं राहूनच गेलं.

माझ्या मागण्या फार नाहीत. तीनच.

एक, जाहिरातीत स्पीडच्या शेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहा की खरा पत्ता मिळणार की सामायिक. पाकिटावर वजन छापतात तसं.

दोन, प्रत्येक तारेच्या कनेक्शनला आयपीव्ही६चा न बदलणारा तुकडा द्या आणि फाटकाची किल्ली गिऱ्हाइकाला द्या. मुळात फाटक बंद ठेवा, माझी हरकत नाही.

तीन, स्वतःचा राउटर लावायची मुभा द्या, उपकार म्हणून नाही, हक्क म्हणून. हे स्वप्नरंजन नाही. जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून तसा कायदाच आहे, कंपनी आपला डबा गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारू शकत नाही. तिथली नेटवर्क काही कोसळली नाहीत.

आणि तुमच्याकडून एकच मागतो. आज राउटरच्या पानावर जाऊन बाहेरचा पत्ता बघा. मग तुमचा पत्ता दाखवणारी कुठलीही साइट उघडून तिथला आयपीव्ही४ आकडा बघा. दोन्ही सारखे असतील तर तुम्ही नशीबवान. वेगळे असतील तर तुमचंही इनकमिंग बंद आहे. कंपनीला फोन लावा आणि आयपीव्ही६ आणि पब्लिक आयपी दोन्ही मागा. "गेमिंगसाठी का सर?" असं विचारलं तर "नाही, माझ्या घरासाठी" म्हणा. तो नाहीच म्हणेल. पण शंभर जणांनी मागितलं की त्याच्या यादीत चौथा पर्याय येतो. मागणी नाही म्हणून देत नाही, हे पालुपद तरी बंद होईल.

आईचं काय झालं, ते राहिलंच. रविवारी संध्याकाळपर्यंत मी मुंबईतल्या एका डेटा सेंटरमधलं छोटं मशीन भाड्यानं घेतलं, महिन्याला काहीशे रुपयांचं. माझी पेटी आता आतून त्याला वायरगार्डनं फोन लावते आणि लाइन धरून बसते. आईचा टॅबलेट मुंबईचं दार ठोठावतो आणि तिथून आवाज आत येतो. म्हणजे स्वतःच्या घरात शिरायला मी शेजारच्या गावातला जिना भाड्यानं घेतलाय. मला हे तीन तासांत जमलं, कारण माझं पोटच त्यावर चालतं. ज्यांना जमणार नाही त्यांच्या घरातलं काय काय "लागत नाही", आणि का, हे त्यांना कधी कळणारही नाही.

साडेसातला आईचा फोन आला. "लागले रे. पण आज सुरू व्हायला जरा वेळ लागला."

म्हटलं, "हो, मुंबईवरून येतायत."

"त्यांना मुंबई कधी आवडली नाही," ती म्हणाली आणि फोन ठेवला.